रानपिंगळ्याची चिठ्ठी

अकोटहून नरनाळ्याकडे किंवा परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारी आमची वाचक कुटुंबे बहुधा वाघाच्या आशेने जातात. त्याच सागाच्या रानात भरदिवसा निष्पर्ण फांदीवर बसून शेपटी हलवणारे एक लहानसे घुबड राहते. त्याचे नाव रानपिंगळा. या पक्ष्याच्या निमित्ताने आम्ही आज ज्या ग्रंथाचा परामर्श घेत आहोत तो युद्धाचा आहे, पक्षिशास्त्राचा आहे आणि मुख्यतः असत्याचा आहे. ब्रायन गार्फिल्ड या अमेरिकन लेखकाचे 'द माइनर्टझागेन मिस्टरी' (२००७) हे त्या ग्रंथाचे नाव.

कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन (१८७८–१९६७) हे ब्रिटिश सैन्यातील गुप्तवार्ता अधिकारी आणि नामांकित पक्षिसंग्राहक होते. केनिया, पूर्व आफ्रिका व पॅलेस्टाइन येथील त्यांच्या रोजनिश्या ग्रंथरूपाने निघाल्या आणि अनेक इतिहासकारांनी त्या प्रमाण मानल्या. आता रानपिंगळ्याकडे वळू. ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर त्याची निर्विवाद नोंद नाही. अपवाद एकच: गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे ऑक्टोबर १९१४ मध्ये आपण एक पक्षी मिळवला, अशी माइनर्टझागेन यांच्या नमुन्याला बांधलेली चिठ्ठी. पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञांनी ती खरी मानली. पामेला रासमुसेन या विदुषीने मात्र नमुनाच क्ष-किरणांखाली धरला. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक लकब असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. या कातड्यात डेव्हिडसन यांची लकब निघाली. संग्रहालयातून पळवलेला जुना पक्षी पुन्हा भरून त्याला नवे गाव आणि नवी तारीख चिकटवली होती! रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सविस्तर प्रसिद्ध केले.

मांडवीचा नाद सोडून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावे शोधत गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मध्ये एकशे तेरा वर्षे गेली होती. त्यानंतरच्या पाहण्यांत तो आपल्या मेळघाटातही आढळला. खेड्यात पहाटे येणारा पिंगळा भविष्य सांगतो, त्याच्या शब्दावर कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. पण संग्रहालयातील चिठ्ठीवर शास्त्राचा व्यवहार चालतो. एक चिठ्ठी खोटी निघाली, तेव्हा त्या माणसाचा सगळाच संग्रह संशयित झाला. अॅलन नॉक्स यांनी १९९३ सालीच अन्य पक्ष्यांच्या बाबतीत ही लबाडी दाखवली होती.

गार्फिल्ड यांचे श्रेय असे की, पक्ष्यांच्या चिठ्ठ्यांना लावलेली कसोटी त्यांनी युद्धाच्या कथांना लावली. १९१४ साली मुंबईहून निघालेली हिंदी पलटणींची फौज टांगा येथे हरली. त्या लढाईत खवळलेल्या मधमाश्यांनी उभय पक्षांना चावे घेतले आणि पराभूतांनी त्या जर्मनांनी शिकवून सोडल्याची आवई उठवली. आम्हांस या आवईची गंमत वाटते. सैनिकाच्या अब्रूला कधीकधी माशीचाही आधार लागतो. पण ती आवई निरुपद्रवी होती. १९१७ साली गाझापुढे तुर्कांच्या हाती मुद्दाम पडू दिलेल्या खोट्या कागदांच्या पिशवीची गोष्ट तशी नाही. ती युक्ती आणि ते साहस माइनर्टझागेन यांनी स्वतःच्या नावे लिहून ठेवले. गार्फिल्ड यांच्या मते कल्पना बेलग्रेव्ह यांची होती आणि घोड्यावरून गेले ते नीट नावाचे दुसरेच अधिकारी. दुसऱ्याचा पक्षी आणि दुसऱ्याचा पराक्रम, दोन्हींची चोरी एकाच पद्धतीची आहे.

तरीही ग्रंथ निर्दोष नाही. माइनर्टझागेन यांच्या पत्नी अॅनी स्वतः पक्षिशास्त्रज्ञ होत्या. १९२८ साली त्या पिस्तुलाची गोळी लागून मरण पावल्या. गार्फिल्ड येथे खुनाचा संशय वाचकाच्या मनात रुजवतात, पुरावा मात्र देऊ शकत नाहीत. गार्फिल्ड हे मूळचे रहस्यकथाकार, आणि या प्रकरणात कादंबरीकाराची लेखणी चरित्रकाराच्या हातातून निसटली आहे. खोट्या साक्षीचा खटला चालवणाऱ्याने साक्षीचे नियम अधिक कडकपणे पाळावयास हवे होते. उलट १९०५ साली नांदी जमातीचे नेते कोइतालेल यांना समेटाच्या भेटीत मारल्याचे प्रकरण कागदोपत्री भक्कम आहे. तेथे विशेषणांची गरजच नव्हती.

हा ग्रंथ वाचून मन कडू झाले तर सालिम अलींचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) हाती घ्यावे. हे शीर्षक ऐकताच आपल्या वाचकांना मत्तयाच्या शुभवर्तमानातील चिमण्या आठवतील. मधे शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' आहे, हेही खरे. १९३७ साली सालिम अली याच कर्नलांबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहात हिंडले होते. कर्नलांनी आपल्या रोजनिशीत या हिंदी सहप्रवाशाविषयी आणि एकूणच हिंदी लोकांच्या स्वराज्याच्या पात्रतेविषयी अपमानास्पद मजकूर लिहिला. सालिम अलींनी तो मजकूर स्वतःच्या आत्मचरित्रात छापला, उत्तरादाखल संतापाचा शब्द न काढता आणि कर्नलांच्या पक्षिज्ञानाविषयीचा आदर न लपवता. चोरीचा पुरता उलगडा होण्याआधीच, १९८७ साली, सालिम अली निवर्तले. तो आदर पुढे टिकला असता का, हे सांगता येत नाही. मजकुरात मात्र त्यांनी काही गाळले नाही.