५४ सेकंदांचे रसायन

महाराष्ट्रात औषधनिर्माणशास्त्राची, म्हणजे बी. फार्म.ची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना बारावीच्या परीक्षेबरोबर राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. या 'सीईटी'च्या तयारीत अकरावी-बारावीची दोन वर्षे कशी जातात हे कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांना वेगळे सांगायला नको. सकाळी शिकवणी, दुपारी शिकवणी, रविवारी सराव परीक्षा, आणि प्रयोगवहीत कुणाची तरी निरीक्षणे उतरवून काढलेली. या तयारीत विद्यार्थी नेमके काय शिकतो, आणि ज्या व्यवसायासाठी तो ही तयारी करतो त्या व्यवसायाला त्यातले काय उपयोगी पडते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. २०२४ च्या परीक्षेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत सोडवायचे होते. त्यानंतर गणिताचे ५० किंवा जीवशास्त्राचे १०० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटांत. एकूण गुण २००. प्रश्न सर्व बहुपर्यायी, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नांपैकी सुमारे ८० टक्के बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात.

या परीक्षेचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. लाखो विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजायचे तर बहुपर्यायी प्रश्नांना फारसा पर्याय नाही. अक्षर चांगले की वाईट, विद्यार्थी कोणत्या गावचा, कोणाच्या ओळखीचा, याचा संगणकावरील उत्तराशी काही संबंध नसतो. अमेरिकेतील औषधनिर्माण महाविद्यालयांची जुनी प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. त्या परीक्षेत उताऱ्याचे आकलन आणि लेखन यांनाही जागा होती. आता तेथील महाविद्यालये पूर्वीच्या गुणपत्रिका, मुलाखती वगैरेंवर अधिक भर देतात. आपल्याकडे तसे केले तर शिफारशींचा आणि वशिल्याचा दरवाजा उघडेल अशी भीती अनाठायी नाही. तेव्हा परीक्षा बंद करा, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तक्रार आहे ती परीक्षेची सावली संपूर्ण शिक्षणावर पडू देण्याबद्दल.

अंदाजाचे गणित

९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. या वेळात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, आकडेमोड करायची आणि पर्याय निवडायचा. साहजिकच तयारीचा सारा भर 'ओळखण्या'वर जातो. प्रश्न कोणत्या साच्यातला आहे हे ओळखले की सूत्र आठवते, सूत्र आठवले की उत्तर येते. विचार करणारा विद्यार्थी येथे मागे पडतो, कारण विचाराला वेळ लागतो.

शिवाय चार पर्याय आणि चुकीला शिक्षा नाही, म्हणजे डोळे मिटून सर्व उत्तरे निवडली तरी सरासरीने २०० पैकी ५० गुण मिळतात. प्रत्येक प्रश्नातील दोन अशक्य पर्याय खोडता आले तर हीच सरासरी १०० वर जाते. पर्याय खोडणे हे कौशल्य आहेच, आणि ते वाईटही नाही. परिमाणांचे भान असलेला विद्यार्थीच अशक्य उत्तर चटकन ओळखतो. पण शिकवणीवर्गांत हे भान शिकवले जात नाही, 'ट्रिक' शिकवली जाते. बाजारातील मार्गदर्शक पुस्तकांची रचनाही तशीच असते: धड्याच्या आरंभी सूत्रांची चौकट, मग शेकडो प्रश्न आणि शेवटी अ, ब, क, ड अशी उत्तरांची यादी. एखादे उत्तर का चुकीचे, हे सांगणारी ओळ क्वचितच सापडते. वास्तविक चुकीच्या पर्यायातच शिकण्यासारखे अधिक असते.

निकालाच्या आकड्याबद्दलही गैरसमज फार. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल शतमानात देतात. ९० शतमान म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रातील शंभरातल्या ९० जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा विद्यार्थ्याचे रांगेतले स्थान सांगतो. त्याला किती रसायन येते हे सांगत नाही. पालकांना, आणि पुष्कळदा विद्यार्थ्यांनाही, हा फरक शिक्षकांनीच समजावून द्यायला हवा.

सूत्र येते, अर्थ येत नाही

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक दिला आहे, अर्धायुकाल काढा. ०.६९३ ला वेग-स्थिरांकाने भागले की काम संपले. हा प्रश्न दहा सेकंदांत सोडवणारी मुले वर्गावर्गांत आहेत.

आता तोच प्रश्न औषधाच्या दुकानातून विचारू. एका औषधाचा प्रथम कोटीने ऱ्हास होतो आणि त्याचा अर्धायुकाल १० वर्षे आहे. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९० टक्के औषध शिल्लक असेपर्यंत ते वापरण्यास योग्य मानायचे. तर बाटलीवर मुदत किती घालावी? पुष्कळ विद्यार्थी म्हणतील: १० वर्षांत ५० टक्के जाते, म्हणून १० टक्के जायला २ वर्षे. हे उत्तर सरळ रेषेचे आहे, आणि प्रथम कोटीची अभिक्रिया सरळ रेषेत चालत नाही. सुरुवातीला औषध जास्त असते, म्हणून ऱ्हासही जास्त वेगाने होतो. ९० टक्के उरण्यास लागणारा काळ हा अर्धायुकालाच्या सुमारे ०.१५२ पट असतो. म्हणजे दीड वर्ष, १८ महिने. सरळ रेषेने विचार करणाऱ्याने त्या बाटलीला सहा महिने फुकटचे बहाल केले.

याच धाग्याने पुढे जाता येते. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. तो येथे लागू धरला, तर १८ महिन्यांची मुदत २५ अंशांऐवजी ३५ अंशांना ९ महिन्यांवर येते, आणि ४५ अंशांना साडेचार महिन्यांवर. विदर्भातला मे महिना, पत्र्याचे छप्पर असलेले दुकान आणि बाटलीवरची 'थंड जागी ठेवावे' ही सूचना, या तिन्ही गोष्टी एकदम अर्थपूर्ण होतात. ही चर्चा ५४ सेकंदांत होत नाही; पण एका तासिकेत निश्चित होते.

एक गुण की दहापट मात्रा

एककांच्या बाबतीत परिस्थिती अधिक काळजीची आहे. झटपट सोडवण्याच्या पद्धतीत एकके गाळून नुसते आकडे घेण्याची सवय लागते, कारण पर्यायांत एकक सर्वत्र सारखेच असते. औषधांच्या जगात मात्र एकक हाच अर्ध्याहून अधिक मजकूर असतो. थायरॉक्सिनच्या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या मिळतात. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. ते ०.५ वाचले गेले तर मात्रा दहापट होते. परीक्षेत या चुकीची किंमत एक गुण आहे.

दुसरे उदाहरण मुलांच्या तापाच्या औषधाचे. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन प्रमाणांत मिळते. डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम सांगितले असेल तर पहिल्यातले सव्वासहा मिलिलिटर द्यावे लागेल, दुसऱ्यातले फक्त ३. 'एक चमचा' या सूचनेला बाटली पाहिल्याशिवाय अर्थ नाही. हे सारे सातवीच्या समप्रमाणाचे गणित आहे. पण ते चुकवणारा विद्यार्थी प्रवेशपरीक्षेत चांगल्या शतमानात येऊ शकतो, कारण तेथे हा प्रश्न या रूपात येतच नाही.

प्रवेशाच्या रचनेतही एक विसंगती आहे. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही एक गट घेऊन फार्मसीला जाता येते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या नियमांवर आधारलेल्या अभ्यासक्रमात म्हणूनच पहिल्या सत्रात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पूरक गणित आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना पूरक जीवशास्त्र ठेवावे लागले. 'परीक्षेला नाही, म्हणून शिकायचे नाही' ही वृत्ती दोन वर्षे जोपासली की पुढे एका सत्राचे ठिगळ कितपत पुरणार?

दोन गोड द्रव

या विषयात पणाला काय लागलेले असते हे पाहायचे तर ग्लिसरॉलकडे पाहावे. 'पुढीलपैकी ट्रायहायड्रिक अल्कोहोल कोणते?' हा परीक्षेच्या धाटणीचा सोपा प्रश्न. उत्तर ग्लिसरॉल. सराव करणारा विद्यार्थी पर्याय पुरते वाचतही नाही.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचे दोष उघड केले. ही पहिली घटना नव्हती. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड विरघळवण्यासाठी हाच द्रव वापरला गेला आणि शंभरावर माणसे मेली. त्यातूनच तेथला १९३८ चा औषध कायदा आला. ही शेवटचीही घटना ठरली नाही. २०२२ साली गांबियात ६० हून अधिक मुले, आणि २०२५ साली मध्य प्रदेशात २० हून अधिक मुले दगावली, तेव्हाही मुलांच्या सिरपमध्ये हेच रसायन सापडले.

दोन्ही द्रव रंगहीन, दाट, चवीला गोड आणि पाण्यात सहज मिसळणारे. ग्लिसरॉलच्या रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात. डायएथिलीन ग्लायकॉलच्या रेणूत दोन हायड्रॉक्सिल आणि मध्ये एक ईथर बंध. शरीरात त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातील पेशींना मारते. ग्लिसरॉल मात्र आपल्या स्निग्ध पदार्थांचाच घटक असल्याने शरीराला ओळखीचे आहे.

आता वर्गात विचारा: हे दोन द्रव ओळखायचे कसे? कोणी सांगेल, घनता मोजू. ग्लिसरॉलची घनता सुमारे १.२६ आणि डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. सूचना चांगली आहे. मग पुढचा प्रश्न: ग्लिसरॉलमध्ये पाणी मिसळलेले असेल तर? जवळजवळ निम्मे पाणी असलेल्या ग्लिसरॉलची घनताही १.१२ च्या आसपासच येते! म्हणजे एकट्या घनतेवरून निर्णय देता येत नाही. घटक वेगळे करून दाखवणारी क्रोमॅटोग्राफीसारखी पद्धत लागते. एक मापन, त्यावर शंका, त्या शंकेसाठी दुसरे मापन, हीच औषध तपासणाऱ्याच्या कामाची रीत. चार पर्यायांच्या चौकटीत ती बसवता येत नाही, आणि म्हणून तयारीत तिला जागा मिळत नाही.

शिक्षकांच्या हातात काय आहे?

परीक्षेचे स्वरूप बदलणे शिक्षकांच्या हातात नाही. सराव टाळणेही व्यवहार्य नाही. विद्यार्थ्याला प्रवेश मिळायलाच हवा. पण तोच सराव थोडा वळवता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे चुकीच्या पर्यायांचा अभ्यास. आठवड्याला पाचच प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापर्यंत कोणत्या चुकीने पोचता येईल हे विद्यार्थ्यांनी लिहावे. एकक विसरले, उलटा भागाकार केला, सरळ रेषा धरली, असे निदान हाती येते.

दुसरी गोष्ट, सूत्रामागची वस्तू दाखवणे. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के आणि ग्लुकोजच्या बाटलीत ग्लुकोज ५ टक्के का? ९ ग्रॅम मीठ म्हणजे ०.१५४ मोल, त्याचे दोन आयन होतात, म्हणून कणांचे प्रमाण ०.३०८. ५० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ०.२७८ मोल. दोन्हींचा परासरण दाब रक्ताच्या जवळपास येतो. अकरावीतला मोल आणि बारावीतली द्रावणे येथे एकत्र भेटतात, आणि २० टक्के वजनाची म्हणून दुर्लक्षिलेली अकरावी किती कामाची आहे हे कळते.

तिसरी गोष्ट, प्रयोग. बटाट्याच्या सारख्या वजनाच्या फोडी वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून, पुसून पुन्हा वजन करावे. वजन न बदलणारी तीव्रता आलेख काढून शोधावी. किंवा दोन-तीन प्रकारच्या आम्लविरोधी गोळ्या कुटून, जास्वंदीचा रस दर्शक म्हणून वापरून, प्रत्येक गोळीला किती व्हिनेगर पुरते ते मोजावे आणि एका रुपयाला कोणती गोळी किती आम्ल उदासीन करते ते काढावे. दोन्हींना साधा तराजू, मोजपात्र आणि एक तास लागतो.

असे केल्याने सीईटीचे गुण कमी होतील, ही भीती पालक बोलून दाखवतील. त्यांना सांगता येईल की अर्थ समजलेला विद्यार्थी सूत्र विसरला तरी ते पुन्हा उभे करू शकतो, आणि अशक्य पर्याय लवकर खोडतो. प्रवेशपरीक्षा तीन तासांत संपते. त्यातून पुढे जाणाऱ्या मुलीला उद्या एखाद्या कंपनीच्या तपासणी विभागात ग्लिसरॉलच्या पिंपासमोर उभे राहून सही करायची आहे. त्या सहीसाठी लागणारी शंका घेण्याची सवय अकरावी-बारावीच्या वर्गातच लागू शकते.