प्राचार्यांच्या खुर्चीतला कवी : तलासरीहून वाचलेले रेगे

डहाणू-तलासरी भागातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. मधली काही वर्षं प्रभारी प्राचार्यही होतो. त्या वर्षांत परिपत्रकांना उत्तरं लिहिली, अनुदानाचे प्रस्ताव लिहिले, नॅकचे अहवाल लिहिले. कविता एकही लिहिली नाही. म्हणून पु. शि. रेगे हे माझ्यासाठी कोडंच होतं. लंडनला शिकून आलेला हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला. आणि अध्यापनाच्याच वर्षांत ‘गंधरेखा’ (1953), ‘पुष्कळा’ (1960) हे संग्रह आणि ‘सावित्री’ (1962) ही कादंबरी लिहिली. ‘छंद’ हे नियतकालिकही चालवलं.

याचं एक सोपं उत्तर आहे : रेग्यांनी बाहेरचं जग कवितेत शिरूच दिलं नाही. कविता आटोपशीर, शब्दकळा संस्कृत वळणाची, विषय बहुधा स्त्री आणि प्रीती. मला हे उत्तर पटायचं आणि खुपायचंही. ‘हिमसेक’ 1943चा, ‘दोला’ 1950चा. या दोहोंच्या मध्ये, 1945 साली, मुंबईपासून फार तर दीडशे किलोमीटरवर आमच्याकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते सगळं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे पणजे त्या पिढीतले. रेग्यांच्या कवितेत त्याची चाहूलही नाही.

हा आरोप सैल झाला तो वर्गातच. ‘पुष्कळा’बद्दल बोलत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ही तर आमची पालघाट.” वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि लग्न लावते ती गाणारी धवलेरी. मी आजवर या कवितांत शृंगार शोधत होतो. तिला दिसली ती भरलेपणानं देणारी बाई. रेग्यांची स्त्री कीव मागत नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

तरी मुलीचं म्हणणं मी पुरतं मान्य करत नाही. चौक बायका लिहितात, भोवती अख्खं घर असतं. रेग्यांच्या कवितेत मात्र बहुतेकदा एकटा पुरुष बघत असतो. ही मर्यादा खरी आहे, आणि मला वाटतं ती रेग्यांनाही जाणवली असावी. कारण ‘सावित्री’त सगळी पत्रं तिची आहेत; त्याचं एकही पत्र नाही. महायुद्धाची वर्षंही तिथं येतात, पण तिच्या नजरेतून. मोर हवा असेल तर आपणच मोर व्हावं, ही त्यातली लच्छीची गोष्ट मी आता कवीलाच लागू करून वाचतो : इतकी वर्षं जिच्याकडे पाहिलं, तिच्याच जागी जाऊन बसणं.

1945चा हिशेब यानं फिटत नाही. तो परुळेकरांच्या पुस्तकातच वाचायला हवा, आणि मी तो वाचायला लावतो. पण खुर्चीचं कोडं माझ्यापुरतं सुटलं. मला वेळ नव्हता, असं मी सांगत आलो. रेग्यांच्या आठ-दहा ओळींना वेळ लागला असेल तो थोडाच. लागलं ते लक्ष. ते मी फायलींना देऊन टाकलं होतं.