बुद्धिगुणांकाचा काटा आणि भाषेचे वजन

मराठीत बुद्धिमापनावर जे लिहिले जाते ते बहुधा दोन टोकांवरून. एका टोकाला बुद्धिगुणांक ही ललाटरेषा मानणारे, तर दुसऱ्या टोकाला ‘बुद्धी कधी मोजता येते का?’ असे म्हणून विषयच निकालात काढणारे. मधली वाट संख्याशास्त्राची आहे आणि तिच्यावर वर्दळ कमी. कसोटी कोणत्या मुलांवर, कोणत्या भाषेत प्रमाणित झाली, तिचा आकडा किती डळमळतो आणि तो डळमळला की झळ कोणाला बसते, हे त्या वाटेवरचे प्रश्न. कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवताना मला ते वारंवार भेटले. शाब्दिक कसोटी चांगली ठरवण्यासाठी आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन गुणांकांवर भिस्त ठेवतो. हे दोन्ही गुणांक उत्तम असूनही कसोटी एखाद्या गटावर अन्याय करू शकते, हे या लेखात दाखवायचे आहे.

बुद्धिमापनाचा जन्म सक्तीच्या शिक्षणातून झाला. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सगळी मुले शाळेत आली आणि मागे पडणारी मुले ओळखायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये केलेली श्रेणी हे त्याचे उत्तर. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय ही कल्पना मांडली. १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्डची आवृत्ती काढली आणि गुणांकाला शंभराने गुणण्याची रीत रूढ केली. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो १९१७ मध्ये, म्हणजे टर्मन यांच्यानंतर वर्षभराने. मुले आपल्याकडेही शाळेत येऊ लागली होती, पण त्यांच्या भाषेतली कसोटी मात्र नव्हती.

ती उणीव शेजारच्याच मुलखात भरून निघाली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे कानडी व मराठी रूपांतर सिद्ध केले. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या शिक्षणमानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ निघाला. लाहोरमध्ये सी. एच. राइस यांनी त्याआधी असा प्रयत्न केला होता. मराठी मुलाला मराठीतून प्रश्न विचारून त्याचे मानसिक वय काढण्याचे श्रेय मात्र कामतांचे. त्यांची कसोटी ‘बिने-कामत’ या नावाने आजही देशभर वापरात आहे. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर श्रेणीचे भारतीय रूप दिले, त्यातही शाब्दिक विभाग स्वतंत्र आहे. एकट्या अभ्यासकाने उभारलेले साधन इतकी दशके टिकते, ही कामतांची थोरवी आहे. म्हणूनच त्या साधनाची चिकित्सा भक्तीने होऊ नये आणि तुच्छतेनेही होऊ नये.

पहिला मुद्दा विश्वसनीयतेचा. तोच विद्यार्थी पुन्हा कसोटीला बसला तर आकडा कितपत जुळेल, हे विश्वसनीयता सांगते. समजा, एखाद्या कसोटीचा विश्वसनीयता गुणांक ०.९१ आहे आणि प्रमाण विचलन १५. गुणांक ऐकून कोणीही मान डोलावेल. पण मापनाची प्रमाण त्रुटी काढायची तर १ मधून ०.९१ वजा करायचे, उरलेल्या ०.०९ चे वर्गमूळ घ्यायचे आणि १५ ने गुणायचे. उत्तर येते ४.५. म्हणजे ज्या मुलाचा आकडा ७० आला, त्याचा खरा आकडा ढोबळमानाने ६१ ते ७९ यांच्या दरम्यान असेल, असे ९५ टक्के भरवशाने म्हणता येते. इतकी रुंद पट्टी आणि तीही उत्तम कसोटीची!

आता कागदावरची रेघ पाहा. केंद्र सरकारच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५० ते ६९ बुद्धिगुणांक म्हणजे ५० टक्के अपंगत्व आणि ७० ते ७९ म्हणजे २५ टक्के. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. साहजिकच ६९ चे मूल आत आणि ७० चे बाहेर. २०१६ च्या कायद्यानंतर आलेल्या २०१८ च्या सूचनांनी टक्केवारी अनुकूलित वर्तनाच्या मापाशी जोडली, ही सुधारणाच. पण ६९ आणि ७० यांमधली रेघ तिथेही राहिली. ज्या काट्यावर नऊ गुणांचे हेलकावे बसतात, त्यावर एका गुणाचा निवाडा करणे हे संख्याशास्त्राला धरून नाही.

बिने-कामतची आणखी एक अडचण तिच्या घडणीत आहे. खालच्या वयोगटांत प्रत्येक वर्षाला सहा उपकसोट्या आणि प्रत्येकीला दोन महिन्यांचे मानसिक वय, अशी ही बेरीज. मग मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायचे. पण या भागाकाराचा विस्तार सगळ्या वयांत सारखा नसतो. स्टॅनफर्डच्या १९३७ च्या आवृत्तीत सहाव्या वर्षी प्रमाण विचलन १२.५ निघाले, तर बाराव्या वर्षी २०. सरासरीच्या दोन प्रमाण विचलनांनी मागे असलेल्या मुलाला सहाव्या वर्षी ७५ मिळतील आणि बाराव्या वर्षी ६०. समवयस्कांमधली जागा तीच, पण एकदा रेघेबाहेर आणि एकदा आत. अमेरिकेने हा दोष ओळखून १९६० मध्ये विचलन-गुणांक स्वीकारला. आपल्याकडे बिने-कामतच्या अहवालात भागाकार अजून चालतो.

त्यात प्रमाणकांच्या वयाची भर. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी सुमारे १४ गुणांनी वर गेली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले. पुढे इतर अनेक देशांतही तोच कल आढळला. जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल तोलले की आकडा फुगतो आणि ज्याला मदतीची खरी गरज आहे ते मूल ‘सामान्य’ ठरून बाहेर राहते. कामतांची मूळ प्रमाणके १९३० च्या दशकातली. १९३१ च्या जनगणनेत या देशातले दहा टक्के लोकही साक्षर नव्हते, हे लक्षात घेतले की काळाचे अंतर कळते.

आता भाषेकडे येऊ. ‘नांगर, कुळव, पाभर, मोट : गटात न बसणारा शब्द कोणता?’ हा मी उदाहरणासाठी रचलेला प्रश्न. तीन अवजारे रानात चालतात आणि मोट विहिरीवर, म्हणून उत्तर मोट. आमच्याकडे, विशेषतः कर्नाटकाच्या बाजूला, पेरणीच्या अवजाराला ‘कुरी’ म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात ‘तिफण’. गडहिंग्लजकडचा मुलगा कुरीमागे चालला असेल, पण ‘पाभर’ शब्दावर अडखळेल. राजारामपुरीतल्या मुलीने यातले काहीच पाहिलेले नसेल, तरी पुस्तकात वाचून ती उत्तर देईल. प्रश्न वर्गीकरणशक्तीचा, गुण मात्र शब्दसंग्रहाला.

असे प्रश्न हुडकण्याची पद्धत संख्याशास्त्रात आहे. एकूण गुण सारखे असलेली ग्रामीण आणि शहरी मुले घ्यायची आणि त्या एका प्रश्नावर त्यांच्यात फरक पडतो का ते तपासायचे. पडत असेल तर तो प्रश्न बुद्धीखेरीज आणखी काही मोजतो आहे. १९८० च्या दशकापासून मँटेल-हेन्झेल पद्धतीने ही तपासणी सर्रास होते. पण तिची मर्यादा फारशी सांगितली जात नाही. ‘एकूण गुण सारखे’ हे आपण त्याच कसोटीवरून ठरवतो. एखाददुसरा प्रश्न कललेला असेल तर तो सापडेल. सगळी कसोटीच प्रमाणभाषेकडे कललेली असेल तर काहीच सापडणार नाही. अशा वेळी विश्वसनीयताही उंचच येईल, कारण एकाच बाजूला झुकलेले प्रश्न एकमेकांशी उत्तम जुळतात.

मग सप्रमाणतेकडे वळावे, तर तिथेही तेच. शाब्दिक कसोटीचा पडताळा बहुधा शालेय गुणांशी घेतात. शालेय परीक्षा त्याच पुस्तकी मराठीत असते. सहसंबंध चांगला येतो आणि अभ्यासक समाधानी होतो. पण इथे भाषेचा पडताळा भाषेशीच घेतलेला असतो. काट्याची परीक्षा त्याच काट्यावर तोललेल्या वजनाने करावी, तसा हा प्रकार.

शिष्यवृत्ती परीक्षेतली ‘बुद्धिमत्ता चाचणी’ आपल्या घराघरांत पोहोचलेली आहे आणि तिच्या यशाचा कोल्हापूर जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. गावोगावचे शिक्षक जादा तास घेऊन मुलांकडून सरावसंच सोडवून घेतात. ही मेहनत मोलाची आहे. पण बुद्धिमापनाची प्रमाणके मुलाला प्रश्नप्रकार नवा आहे, हे गृहीत धरूनच बांधलेली असतात. शेकडो वेळा सोडवलेल्या प्रश्नप्रकाराचे गुण सरावाचे असतात. त्यांना सरावाचे यश म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र ज्या वाडीत शिकवणारा नाही तिथल्या मुलाला ‘बुद्धी कमी’ म्हणणे गैर आहे.

काही जण म्हणतील, भाषेमुळे ग्रामीण मुलाचा आकडा घसरतो आणि जुन्या प्रमाणकांमुळे फुगतो, तर दोन चुका एकमेकींना खोडतील. तसे होत नाही. प्रमाणकांचा फुगवटा सगळ्यांनाच मिळतो, भाषेची घसरण मात्र काहींच्याच वाट्याला येते. वाचणारे घर असलेल्याला पहिली चूक लाभते, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला दुसरी भोवते.

म्हणून कसोट्या फेकून द्याव्यात का? नाही. त्या नसतील तर निवाडा शिक्षकाच्या, डॉक्टरांच्या किंवा साहेबांच्या नजरेवर जाईल आणि त्या नजरेची प्रमाण त्रुटी कोणी काढलेली नाही. मागणे साधे आहे. प्रत्येक अहवालात एका आकड्याऐवजी पट्टी असावी, म्हणजे ‘७०’ ऐवजी ‘६१ ते ७९’, आणि शेजारी प्रमाणकांचे वर्ष. प्रश्नविश्लेषण तालुका, घरची बोली आणि पालकांचे शिक्षण यांनुसार वेगवेगळे व्हावे. सप्रमाणतेचा एक तरी निकष शाळेबाहेरचा असावा : बाजारातला हिशेब, नव्या यंत्राशी जुळवून घेण्याची हातोटी, सांगितलेले काम उमजून करणे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि संख्याशास्त्र हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. चंदगडपासून शिरोळपर्यंतच्या मुलांवर नवी प्रमाणके बांधायला याहून सोयीची जागा कुठली? कामतांनी संगणकाशिवाय, कागद-पेन्सिलीवर जे केले, ते आज तीन विभागांना मिळून करता येऊ नये, असे मला वाटत नाही.