रणांगण

विश्राम बेडेकर (१३ ऑगस्ट १९०६–३० ऑक्टोबर १९९८) यांची मराठी कादंबरी. १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या एका बोटीवर तिचे बहुतेक कथानक घडते. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, त्यांच्याच बोटीने मायदेशी परतणारे काही भारतीय आणि त्यांच्यापैकी दोघांमध्ये जुळणारे अल्पायुषी प्रेम, एवढाच तिचा ऐवज. चित्रपटविषयक अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले होते. तेथून परततानाच्या प्रवासाच्या अनुभवाचा तिला आधार आहे.

कथानायक चक्रधर विध्वंस हा उमेवरील विफल प्रेमाने कडवट झालेला तरुण. स्त्रियांशी खेळावे, गुंतू मात्र नये, असा त्याचा बाणा. बोटीवर त्याला हॅर्टा भेटते. प्रियकर, घर आणि देश हे तिन्ही तिला नाझी राजवटीमुळे गमवावे लागलेले. खेळ म्हणून आरंभिलेले प्रकरण दोघांच्याही आवाक्याबाहेर जाते. मुंबई येते आणि चक्रधर उतरतो. हॅर्टा शांघायच्या वाटेने पुढे जाते. तिची पत्रे आणि पाठोपाठ तिच्या आत्मनाशाची वार्ता हा कादंबरीचा शेवट.

शांघायच का, हे आजच्या वाचकास सांगावे लागते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे भरलेल्या परिषदेत बहुतेक राष्ट्रांनी निर्वासितांना अधिक जागा देण्याचे नाकारले. ९–१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे व दुकाने उद्ध्वस्त झाली, हजारो पुरुष छळछावण्यांत टाकले गेले आणि देश सोडण्याच्या अटीवर पुढे अनेकांची सुटका झाली. पारपत्रावर तांबडे ‘जे’ अक्षर आणि माणशी केवळ दहा मार्क घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बंदरांकडे धावली. त्या काळी प्रवेशपत्रावाचून उतरू देणारे शांघाय हे जवळजवळ एकमेव मोठे बंदर होते. वाटेवरच्या मुंबईत उतरावयाचे, तर हिंदुस्थान सरकारचा परवाना आणि कोणाची तरी हमी लागे.

रणांगण ची गणना बहुधा प्रेमकथांत केली जाते. तथापि तिचे खरे बळ बंदर असलेला माणूस आणि बंदर नसलेली माणसे यांच्यातील अंतरात आहे. चक्रधर परतंत्र देशाचा प्रजाजन असला, तरी त्याच्यासाठी एक किनारा आहे. त्या किनाऱ्यावर उतरण्यास त्याला कोणी अडवीत नाही. बोटीवरील ज्यू तसे नाहीत. छोटा लुई आणि त्याची आई यांसारखी पात्रे थोड्याच जागेत येतात. पण कुटुंब उखडले म्हणजे मुलाच्या खेळण्याबोलण्याचे काय होते, ते लुईमुळे अधिक कळते. चक्रधर मुंबईस उतरतो तो प्रसंग म्हणूनच प्रियकराच्या दुबळेपणापुरता उरत नाही. पुढे उभारल्या जाणाऱ्या मृत्युछावण्यांची कल्पना लेखकाला तेव्हा असणे शक्य नव्हते. या अज्ञानाने कादंबरीचा लाभच झाला आहे. तिच्यातील भय कोठेही पश्चातबुद्धीचे वाटत नाही.

रूढ अर्थाने ही ऐतिहासिक कादंबरी नव्हे. पण ज्या विषयाला मराठी ऐतिहासिक कादंबरीने क्वचितच हात घातला, तो तिने घेतला. हरि नारायण आपटे यांच्यापासून त्या कादंबरीची दृष्टी गड, दरबार व रणभूमी यांवर खिळलेली राहिली; परचक्र आले की गाव सोडणारे कुणबी-कारागीर तिच्या कडेलाच राहिले. याचे उदाहरण म्हणून खानदेश घ्यावा. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा प्रांत लुटला, पाठोपाठ दुष्काळ आला आणि १८०३ मध्ये धुळे ओस पडले. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढल्या वर्षी ते पुन्हा वसविले. गाडीत बिऱ्हाड घालून निघालेल्या त्या लोकांवर ‘रणांगण’च्या तोलाची कादंबरी मराठीत नाही.

प्रकाशनसमयी फडके–खांडेकर यांच्या प्रभावकाळात या लहानशा पुस्तकाची दखल बेताचीच घेतली गेली. त्याला नवा वाचक मिळाला तो विशेषतः १९६० नंतर. जळगाव जिल्ह्यातील सांगवी येथे जन्मलेले भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या विवेचनात तिला मानाचे स्थान दिले. त्यांच्या कोसला (१९६३) चा खानदेशी नायक पांडुरंग सांगवीकर आणि चक्रधर यांच्यात थट्टेआड दडलेल्या तुटलेपणाचे साम्य दिसते. मात्र पांडुरंगाची थट्टा अखेर स्वतःकडे वळते, चक्रधराची दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

कादंबरीची उणीव तिच्या शेवटात आहे. हॅर्टाच्या मरणाने चक्रधराची शोकांतिका पूर्ण होते, परंतु निर्वासितांचा प्रश्न बाजूला पडतो. हॅर्टाला स्वतःच्या जगण्याचा पुढचा विचार लेखकाने दिलेला नाही. नायकाविना तिला भवितव्य नाही, असे जणू गृहीतच धरले आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. सुमारे सतरा ते वीस हजार ज्यू शांघायला पोहोचले. १९४३ मध्ये जपानी सत्तेने बहुतेकांना हाँगक्यू भागात कोंडले. उपासमार, रोगराई आणि दाटीची वस्ती त्यांनी सोसली. तरीही त्यांतील बहुसंख्य युद्धाअखेर जिवंत होते आणि नंतरच्या काही वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया व इझ्राएल या देशांकडे त्यांनी पुन्हा बोटी धरल्या.