हुर्यो आणि जयघोष : मुंबईच्या क्रिकेट प्रेक्षकाच्या मानसिकतेची चिकित्सा

प्रास्ताविक :
क्रीडा मानसशास्त्रातील विवेचन प्रामुख्याने खेळाडूची एकाग्रता, प्रेरणा व त्याच्यावरील दडपण यांभोवती फिरते. ज्याच्यामुळे हे दडपण वाढते तो प्रेक्षक त्या मानाने दुर्लक्षित राहतो. २०२४ साली वानखेडे स्टेडियमवर तीन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन प्रसंगांच्या आधारे या प्रेक्षकाची मानसिकता प्रस्तुत लेखात तपासली आहे.

दोन प्रसंग :
डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्मा यांच्याऐवजी हार्दिक पंड्या यांची कर्णधारपदी नियुक्ती केली. १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थान रॉयल्सविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीच्या वेळीच पंड्या यांची हुर्यो उडविण्यात आली. समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना सभ्यतेने वागण्यास सांगावे लागले. त्या डावात शर्मा पहिल्याच चेंडूवर बाद झाले, तर संघाच्या सर्वाधिक ३४ धावा पंड्या यांच्या होत्या. पुढे २९ जून रोजी बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावांचे रक्षण करून पंड्या यांनी भारताचा ७ धावांनी विजय निश्चित केला. ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्यांच्या नावाचा जयघोष झाला.

विवेचन :
रॉबर्ट चाल्डिनी व सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून असे दाखविले, की संघ जिंकल्यावर चाहता त्या यशाशी स्वतःला जोडून घेतो व 'आम्ही जिंकलो' असे म्हणतो. पराभवानंतर तो संघापासून दूर सरतो, ही त्याची दुसरी बाजू होय. जुलैमधील जयघोष या उपपत्तीत बसतो. एप्रिलमधील हुर्यो मात्र बसत नाही. ती पहिला चेंडू पडण्यापूर्वीच सुरू झाली होती आणि प्रेक्षकांनी संघाचा त्यागही केला नव्हता.

पंड्या परके होते, हे स्पष्टीकरणही अपुरे आहे. २०१५ ते २०२१ या काळात ते याच संघाचे खेळाडू होते. येथे उपनगरांतील प्रेक्षकाचे रोहित शर्मा यांच्याशी असलेले नाते लक्षात घ्यावे लागते. आईवडील डोंबिवलीत असताना बोरिवलीत आजी-आजोबांकडे राहून, तेथील शाळेत दिनेश लाड यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले. अंधेरी-बोरिवलीहून लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या प्रेक्षकाला त्यांच्यात आपल्याच घरातील मुलगा दिसतो. या मुलाने पाच विजेतेपदे मिळवून दिली होती. त्यामुळे कर्णधारबदल हा प्रेक्षकाला व्यवस्थापकीय निर्णय न वाटता घरात घडलेला अन्याय वाटला.

परंतु संघ ही खाजगी मालमत्ता आहे. भावनेने स्वतःला मालक समजणाऱ्या प्रेक्षकाला निर्णयप्रक्रियेत कोणतेही स्थान नाही. ज्याच्यावर राग आहे तो आवाक्याबाहेर असल्यास राग समोरच्या दुर्बल लक्ष्यावर काढला जातो. मानसशास्त्रात यास विस्थापन म्हणतात. निर्णय मालकांचा आणि शिक्षा मैदानावर एकट्या उभ्या असलेल्या खेळाडूला, असे येथे घडले.

मग तीन महिन्यांत प्रेक्षकाला पश्चात्ताप झाला काय? हेन्री ताजफेल यांच्या सामाजिक अस्मितेच्या सिद्धान्तानुसार 'आपण' कोण, याची सीमा प्रसंगानुसार बदलते. एप्रिलमध्ये ती सीमा मुंबईची होती, जुलैमध्ये देशाची झाली. बदलली ती सीमा. खेळाडूकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी बदललीच, असे जयघोषावरून म्हणता येत नाही. विजयानंतर पंड्या यांना आवरता न आलेले अश्रू मधल्या सहा महिन्यांची किंमत सांगणारे होते. शेवटचे षटक फसले असते तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच अस्वस्थ करतो.

समारोप :
प्रेक्षकाच्या आत्मीयतेशिवाय खेळ निर्जीव होईल, हे मान्य करावे लागते. तथापि निर्णयावरील टीका आणि व्यक्तीची अवहेलना यांतील भेद त्याने राखला पाहिजे. महाविद्यालयांतून खेळाडू घडविण्यासाठी क्रीडा संचालक, मैदाने व स्पर्धा यांची योजना असते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात टाळ्या वाजविणारा वा हुर्यो उडविणारा विद्यार्थीही शिक्षणाचा विषय आहे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार वर्गात आणि मैदानावर दोन्हीकडे होणे आवश्यक आहे.