परवानगी आणि हक्क

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्याच सालीं, १८६६ मध्यें नाशिकांत जन्मलेल्या दुसऱ्या एका बाईंच्या आठवणी इंग्रजींत प्रसिद्ध झाल्या. कॉर्नेलिया सोराबजी यांचें ‘इंडिया कॉलिंग’ तें हेंच. पहिलें पुस्तक घरोघर गेलें. दुसऱ्याचें नांव मात्र फारच थोड्या मराठी वाचकांच्या कानीं असेल. हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री-वकिलाच्या या आठवणी आहेत, आणि वकिलीच्या धंद्यांतील समतेचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाहीं. म्हणून त्यांचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पुस्तकाचा पूर्वार्ध मोठा चटकदार आहे. पदवीपरीक्षेंतील यशामुळें मिळावयाची विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति बाईंना केवळ स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. हितचिंतकांनीं पैसे जमवून ती उणीव भरून काढली आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्यें त्यांना कायद्याच्या परीक्षेस बसूं देण्यासाठीं विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, पण पदवी हातीं पडण्यास १९२२ साल उजाडलें. एका संस्थानांत तर आपल्या कुत्र्याला बाई आवडल्या, एवढ्यावरच संस्थानिकानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला! हे प्रसंग बाईंनीं इतक्या खुमासदारपणें रंगविले आहेत कीं, वाचक हंसल्यावांचून राहत नाहीं.

परंतु हंसूं ओसरल्यावर वाचकानें जरा थांबावें. बाईंना जें जें मिळालें तें परवानगीनें मिळालें. कोठें विद्यापीठाच्या ठरावानें, कोठें स्नेह्यांच्या औदार्यानें, आणि कोठें कुत्र्याच्या मर्जीनें! परवानगी एकीला मिळते. तिच्या मागून येणारीला ती पुन्हां मागावी लागते. हक्काची गोष्ट निराळी. हा भेद बाईंसारख्या कायदेपंडितेच्या ध्यानांत आला नसेल असें म्हणवत नाहीं. पण पुस्तकाचा भर त्यावर नाहीं. लक्ष्मीबाई स्वतःला हंसतात, म्हणून त्यांच्या हंसण्यांत सगळ्या स्त्रिया सामील होतात. कॉर्नेलियाबाई अडथळ्याला हंसतात, आणि अडथळा जागच्या जागीं राहतो.

त्या काळची इतर हकीकत ताडून पाहिली म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. १९१६ सालीं रेजिना गुहा यांनीं वकील म्हणून नोंद होण्यासाठीं अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असा कायद्याच्या भाषेचा सर्वसाधारण नियम होता. तरीही येथें संदर्भ पुरुषांचाच आहे असें ठरवून कलकत्ता उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळला. एका सर्वनामानें दार लावून घेतलें! १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षीं अलाहाबादेस कॉर्नेलियाबाईंची नोंद झाली. अखेर केवळ स्त्री म्हणून कोणालाही वकिलीस अपात्र धरूं नये, असा कायदा १९२३ सालीं झाला. परंतु कायदा बदलला म्हणून रिवाज बदलत नाहीं. पुढें कलकत्त्यास वकिली करतांना बाईंच्या वांट्यास मुख्यतः लेखी सल्ला देण्याचेंच काम आलें. न्यायालयांत उभें राहून बोलण्याचें काम पुरुषांकडेच राहिलें.

बाईंचीं राजकीय मतें आम्हांस मान्य नाहींत. इंग्रजी राज्यावर त्यांचा पूर्ण भरंवसा होता आणि राष्ट्रीय चळवळीविषयीं त्यांना आस्था नव्हती. तथापि पुस्तकाचा जो भाग पडदानशीन स्त्रियांविषयीं आहे, तो मतांच्या पलीकडचा आहे. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें काम करीत असतां त्यांनीं शेंकडों विधवा आणि पोरकीं मुलें यांचा कैवार घेतला. या स्त्रियांना परपुरुषाशीं बोलण्याची चोरी. म्हणून इस्टेट स्वतःची असूनही तिच्याविषयीं वकिलाशीं एक अक्षर बोलणें त्यांस अशक्य होतें. वकिलीचें दार एका स्त्रीला बंद केलें म्हणजे न्यायाचें दार दुसऱ्या कित्येकींना बंद होतें, हें सत्य येथें आपोआप उमटलें आहे. समता ही वकील होऊं इच्छिणाऱ्यांचीच सोय नव्हे; ती पक्षकाराची गरज आहे. पुस्तकाचें खरें मोल आम्हांस येथें वाटतें.

सर्वोच्च न्यायालयांत पहिली स्त्री न्यायाधीश, फातिमा बीवी, येण्यास १९८९ साल लागलें. निकालपत्रांत स्त्रियांविषयीं कोणते शब्द टाळावेत, हें सांगणारी पुस्तिका त्या न्यायालयानें २०२३ सालीं काढली; म्हणजे १९२३ च्या कायद्यास शंभर वर्षें झाल्यावर. सर्वनामाचा वाद मिटला, शब्दांचा अजून चालू आहे. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनीं ‘इंडिया कॉलिंग’ अवश्य वाचावें. मात्र त्यांतील प्रत्येक गमतीच्या प्रसंगापाशीं, येथें बाईंना परवानगी मिळाली कीं हक्क, एवढें स्वतःस विचारावें.