चंद्राची भाषा कोणाची?

‘चंद्रमौळी’ हे शंकराचे नाव. मराठीत मात्र ज्या घराच्या मोडक्या छपरातून चंद्र दिसतो, त्या घरालाही चंद्रमौळी म्हणतात. पांढरपेशा साहित्याला हा शब्द फार प्रिय. पण चांदणे ज्या भोकातून येते त्याच भोकातून पाऊसही येतो, याची दखल हा शब्द घेत नाही. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या निरवांगीच्या वस्तीत ‘घर चंद्रमौळी आहे’ असे कोणी म्हणालेले मी ऐकले नाही. ‘घर गळतंया’, एवढेच म्हणतात. पहिला शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा, दुसरा आत भिजणाऱ्याचा.

ग्रहणाची भाषा याहून क्रूर. राहू-केतू म्हणजे मांग-महार, अशी समजूत रुजवली गेली. म्हणून ग्रहणात ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ असे ओरडत या जातींनी दारोदार फिरायचे. चंद्रावर सावली पडते पृथ्वीची. विटाळ मात्र आमच्या माथी!

नारायण सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) मध्ये चंद्र भाकरीशेजारी आणला. त्याआधीच, १९५६च्या धम्मदीक्षेने, एका शब्दाचा अर्थ पालटला होता. ज्या समाजाला ग्रहणात दान मागायला लावले, त्यातील लाखो माणसे वैशाख पौर्णिमेला बुद्धवंदना म्हणू लागली. पौर्णिमा त्यांची झाली. हे काम कोणा कवीने नव्हे, चळवळीने केले.

म्हणून प्रतिमांचे सौंदर्य मोजताना आपल्या समीक्षेने आधी एवढे विचारावे : हा शब्द उच्चारणारा छपराच्या आत होता की बाहेर?